खडकपूर्णेच्या अलीकडे : एका विद्यापीठाच्या नावाचा इतिहास

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इतिहासात बुलढाणा जिल्ह्याचे नाव सहसा येत नाही, आणि त्याचे कारणही साधे आहे. या जिल्ह्यात विद्यापीठ नाही. येथील महाविद्यालये आधी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाकडे गेली. असे असूनही राज्यातील विद्यापीठांच्या वाटचालीतील सर्वांत कठीण प्रकरणाचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याच्या नामांतर-वादाचा, एक निर्णायक प्रसंग याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातील राहेरीजवळ खडकपूर्णा नदीच्या पुलावर घडला. २७ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरहून पायी निघालेला मोर्चा तेथे पोलिसांनी अडवला. ज्यांना अडवले गेले त्यांच्यापैकी बहुतेकांचा त्या विद्यापीठाशी विद्यार्थी म्हणून काही संबंध नव्हता, आणि ज्यांनी त्या नावासाठी सर्वांत मोठी किंमत मोजली त्यांच्यापैकी अनेकांनी विद्यापीठाची पायरीही कधी चढलेली नव्हती. हे असे का झाले, याचे उत्तर विद्यापीठाच्या आवारात मिळत नाही. त्यासाठी निजामाच्या राजवटीपर्यंत मागे जावे लागते आणि गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत यावे लागते.

विद्यापीठापूर्वीचा मराठवाडा

बुलढाणा आणि मराठवाडा हे शेजारी असले तरी त्यांचा राजकीय प्रवास वेगळ्या वाटांनी झाला. बुलढाण्यासह वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ च्या करारानंतर तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि तेथील मुलांना इंग्रजी पद्धतीच्या शाळा व पुढे नागपूरचे विद्यापीठ उपलब्ध झाले. सिंदखेडराजाच्या पलीकडे जालन्याचा मुलूख मात्र सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. त्या संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठी मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर परक्या भाषेतून आणि दूरच्या शहरात जाऊन घ्यावे लागे. शिक्षणाची ही उपासमार मराठवाड्याच्या मनात खोलवर रुतली आणि ‘मराठवाडा’ या शब्दाला, निजामी राजवटीतून सुटलेल्यांची ओळख या अर्थाने, एक भावनिक वजन आले. पुढे नामांतराला विरोध करणाऱ्यांनी याच वजनाचा आधार घेतला, म्हणून ते समजून घेणे आवश्यक ठरते.

दलितांच्या बाबतीत ही उपासमार दुहेरी होती, कारण भाषा आणि अंतर यांच्या जोडीला जातीची भिंत उभी होती. ती भिंत फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही शिक्षणसंस्था स्थापन केली, १९४६ मध्ये तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत तिचे दुसरे महाविद्यालय निघाले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली आणि त्या परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले. बौद्ध ग्रंथपरंपरेत मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक वंशाचा राजा आहे आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू आहे. महाविद्यालयाला प्रश्नकर्त्याचे आणि त्याच्या परिसराला उत्तरकर्त्याचे नाव देण्यामागे ज्ञान हे निर्भयपणे प्रश्न विचारल्यानेच मिळते, ही दृष्टी होती. मराठवाड्यातील आणि विदर्भातील दलित मुले या परिसरातील वसतिगृहांत राहून शिकली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली औरंगाबादेतूनच निघालेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ दिले.

औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. त्या वेळी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग होता आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. पहिले कुलगुरू म्हणून एस. आर. डोंगरकेरी यांची नेमणूक झाली. मुंबई विद्यापीठाच्या कारभाराचा दीर्घ अनुभव त्यांच्या पाठीशी होता. आंबेडकरांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे विद्यापीठ सुरू होण्याच्या जेमतेम पावणेदोन वर्षे आधी, झाले होते. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा एक पाया त्यांनी घातला होता हे उघड होते, तरीही विद्यापीठाला प्रदेशाचे नाव मिळाले आणि त्या काळी त्यावर मोठा वाद झाला नाही.

मागणी आणि ठराव

वाद पेटायला पुढची वीस वर्षे जावी लागली, कारण त्या वीस वर्षांत मराठवाड्याची सामाजिक घडी बदलली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर पूर्वाश्रमीच्या महार समाजाने बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्याबरोबर गावकीची अनेक परंपरागत कामे नाकारायला सुरुवात केली. मेलेली जनावरे ओढणे, येसकराची म्हणजे गावच्या राखणीची आणि निरोप्याची पाळी करणे, सणासुदीला दारोदार भाकरी मागणे या कामांना नकार म्हणजे केवळ काम सोडणे नव्हते. ज्या व्यवस्थेत बलुत्याच्या बदल्यात माणसाची प्रतिष्ठा गहाण पडत असे, त्या व्यवस्थेतून बाहेर पडणे होते. गायरान, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन, कसून पोट भरण्याचा भूमिहीन दलितांचा प्रयत्नही अनेक गावांत संघर्षाचे कारण ठरला. शिकलेल्या दलित तरुणांना राखीव जागांवर नोकऱ्या मिळू लागल्या, तर दुसरीकडे शेतकरी घरांतून नव्यानेच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलांना बेकारी भेडसावू लागली. १९७४ मध्ये मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आंदोलनातून हा असंतोष प्रकट झाला होता. मागासलेपणाचा राग खरा होता. तो कोणावर काढायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

आणीबाणी उठल्यानंतर, १९७७ मध्ये, दलित पँथर आणि इतर विद्यार्थी संघटनांनी विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याची मागणी जोराने मांडली. दलित पँथर ही १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली लढाऊ तरुणांची संघटना होती आणि औरंगाबादेत गंगाधर गाडे यांच्यासारखे कार्यकर्ते तिचे काम करत होते. विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने या मागणीला अनुकूल ठराव केला. जुलै १९७८ मध्ये शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाच्या आघाडीचे मुख्यमंत्री झाले आणि २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे असा ठराव संमत केला. सनदशीर मार्गाने निघालेली मागणी विद्यापीठाच्या मंडळातून विधिमंडळापर्यंत पोचली आणि तेथे मान्य झाली, इतपत ही घटना लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती.

विरोधकांमध्ये एकच प्रकारची माणसे नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक प्रमुख नेते गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारख्यांचा युक्तिवाद असा होता की ‘मराठवाडा’ हे नाव एका प्रदेशाच्या मुक्तीची खूण आहे, आणि प्रदेशाला विश्वासात न घेता मुंबईत बसून ते बदलणे हा त्याच्या अस्मितेचा अवमान आहे. या युक्तिवादाला उत्तर देणारेही मराठवाड्यात आणि बाहेर होते. समाजवादी नेते एस. एम. जोशी आणि बाबा आढाव यांनी नामांतराची बाजू उघडपणे घेतली. प्रादेशिक अस्मितेचा युक्तिवाद प्रामाणिक होता असे गृहीत धरले तरी एक प्रश्न उरतोच. प्रदेशाची अस्मिता म्हणजे त्यातील सर्वांची अस्मिता असेल, तर त्या प्रदेशातील दलितांनाही मराठवाडी म्हणून आपल्या विद्यापीठाच्या नावाविषयी काही म्हणण्याचा तितकाच अधिकार होता. तो अधिकार ज्या क्षणी गृहीत धरला गेला नाही, त्या क्षणी ‘मराठवाडा’ या शब्दातून त्यांना वगळले गेले.

जळालेली गावे

ठराव झाल्याबरोबर मराठवाड्यात बंद, निदर्शने आणि हिंसा यांचा भडका उडाला. तेव्हा मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. जालना १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये वेगळा झाला. शहरांत विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनी सुरू झालेला विरोध काही दिवसांतच खेड्यांत पोचला. रस्ते अडवले गेले, पूल आणि मोऱ्या उखडल्या गेल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या, आणि मदत पोचण्याचे मार्ग असे बंद झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत त्यांची तीव्रता विशेष होती. घरे जाळली गेली, धान्य आणि भांडीकुंडी लुटली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, बायकांवर अत्याचार झाले, आणि हजारो माणसे जिवाच्या भीतीने गाव सोडून रानात किंवा शहराच्या आश्रयाला गेली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांच्या हत्या या काळातल्या. ही दोन नावे नामांतर चळवळीच्या स्मरणात कायमची कोरली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या झोपड्या जळाल्या त्यांतील बहुसंख्य माणसांनी ना ठराव मांडला होता, ना पदवी घेतली होती. विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर कोणते नाव छापले जाते याने शेतमजुराच्या रोजच्या जगण्यात काहीही फरक पडणार नव्हता. म्हणूनच हल्ल्यांची जागा आणि वादाचा विषय यांत एवढी तफावत दिसते. दंगलींनंतर मराठवाड्यात फिरलेल्या अत्याचार विरोधी समितीच्या अहवालाने आणि पुढील अभ्यासकांनी याच तफावतीवर बोट ठेवले : गावकीची कामे नाकारणारा, गायरान कसणारा, मजुरीचे दर मागणारा आणि मुलांना शाळेत घालणारा दलित हे हल्ल्याचे खरे लक्ष्य होते, आणि नामांतराने त्याला शिक्षा करण्यासाठी निमित्त पुरवले. ज्या गावांत जमिनीचा किंवा मजुरीचा तंटा आधीपासून धुमसत होता, तेथे त्या तंट्याचा हिशेब नामांतराच्या नावाखाली चुकता केला गेला. नाव हा वादाचा विषय होता. वादाचे कारण मात्र गावच्या सत्तेची घडी मोडत चालली हे होते.

सरकारने हिंसेपुढे माघार घेतली आणि ठरावाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. शांतता राखण्यासाठी हे आवश्यक होते असे तेव्हा सांगितले गेले, पण या माघारीतून एक घातक धडा दोन्ही बाजूंना मिळाला. विरोधकांना कळले की विधिमंडळाचा ठरावही रस्त्यावर रोखता येतो. आणि समर्थकांना कळले की ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही, त्यासाठी रस्त्यावर उतरावेच लागेल.

लाँग मार्च

या दुसऱ्या धड्यातून लाँग मार्च निघाला. चीनमधील कम्युनिस्टांच्या १९३४-३५ च्या दीर्घ कूचीमुळे हे शब्द जगाच्या राजकीय भाषेत रुळले होते, आणि मराठी चळवळीनेही त्यांचे भाषांतर न करता तेच वापरले. नागपुरातील प्राध्यापक जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली हा मोर्चा ११ नोव्हेंबर १९७९ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघाला. औरंगाबादपर्यंतचे अंतर सुमारे ४७० किलोमीटर होते, दिवसाला सुमारे ३० किलोमीटर चालायचे होते, आणि ६ डिसेंबर या महापरिनिर्वाण दिनी औरंगाबादेत सत्याग्रह करण्याचा निर्धार होता. मोर्चात तरुणांबरोबर म्हातारी माणसे, बायका आणि लेकरेही होती. धम्मदीक्षा झाली त्या भूमीवरून ज्ञानाच्या केंद्राकडे जाणारा हा रस्ता मोर्चेकऱ्यांच्या दृष्टीने एका सलग विचाराचा रस्ता होता.

नागपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना मार्ग वाशीमचा मुलूख ओलांडून मेहकरला बुलढाणा जिल्ह्यात शिरतो, तेथून सुलतानपूर आणि दुसरबीडवरून राहेरीजवळ खडकपूर्णा ओलांडतो आणि सिंदखेडराजामार्गे जालन्याकडे निघतो. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत : उत्तरेची पूर्णा तापीला मिळते, तर दक्षिणेची पूर्णा, जिला या भागात खडकपूर्णा म्हणतात, अजिंठ्याच्या डोंगरांतून येऊन पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. सिंदखेडराजा हे लखुजी जाधवांचे गाव आणि जिजाऊंचे जन्मस्थान. त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर विदर्भाची हद्द संपून मराठवाड्याची सुरू होते. प्रशासनाच्या नजरेने पाहिले तर खडकपूर्णेचा पूल ही मोर्चा मराठवाड्यात शिरण्याआधी रोखण्याची जवळजवळ शेवटची सोयीची जागा होती, कारण पूल अडवला की रस्ताच अडतो.

२७ नोव्हेंबर १९७९ रोजी नेमके तेच झाले. पुलावर पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता, पुढे जाण्यास मनाई करण्यात आली, मोर्चेकरी हटेनात तेव्हा लाठीमार झाला, आणि नेत्यांसह असंख्य लोकांना अटक करण्यात आली. या बातमीने विदर्भात संताप उसळला. नागपुरात, विशेषतः इंदोरा भागात, नामांतराच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांना तरुण आणि कोवळ्या वयाची मुलेही बळी पडली, आणि त्या शहिदांचे स्मारक नागपुरात उभे आहे. ज्या हिंसेच्या भीतीने सरकारने ठराव थांबवला होता ती हिंसा नामांतराच्या विरोधकांची होती. खडकपूर्णेवर मात्र राज्याची काठी ठरावाची अंमलबजावणी मागणाऱ्यांवर पडली. विधिमंडळाने स्वतः संमत केलेल्या ठरावासाठी चालत निघालेल्या लोकांना त्याच राज्याच्या पोलिसांनी अडवावे, हा या इतिहासातील सर्वांत बोलका विरोधाभास होय.

हा पूल बुलढाणा जिल्ह्यात असण्याला आणखी एक अर्थ आहे. याच परिसरातील देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. चौदाव्या शतकातील हा महार संतकवी पंढरीच्या विठ्ठलाचा परमभक्त होता, पण त्याला देवळाच्या आत जाता येत नव्हते. त्याच्या समाजाला त्या देवळाची पायरी ओलांडण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आज खडकपूर्णेवरच्या धरणाचा जलाशय संत चोखासागर या नावाने ओळखला जातो. एका नदीकाठी सहाशे वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींत प्रश्न एकच होता : ज्या दाराशी भक्ती किंवा विद्या घेऊन यायचे, त्या दाराच्या आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवणार.

साडेपंधरा वर्षे

लाँग मार्चनंतर चळवळ थांबली नाही. सत्याग्रह, तुरुंगभरो, मोर्चे आणि दरवर्षीच्या सभा या मार्गांनी ती चालू राहिली. सरकारे मात्र बदलत गेली. शरद पवारांचे पहिले मंत्रिमंडळ फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले आणि त्यानंतर अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, मराठवाड्याचेच असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, सुधाकरराव नाईक अशी मुख्यमंत्र्यांची रांग येऊन गेली, पण ठरावाची अंमलबजावणी कोणी केली नाही. दरम्यान शिवसेनेने मुंबई-ठाण्याबाहेर पाय पसरताना मराठवाड्यात नामांतरविरोधाची भूमिका घेतली आणि तेथील राजकारणात आपली जागा निर्माण केली. एकीकडे १९९० मध्ये आंबेडकरांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले आणि त्यांची जन्मशताब्दी देशभर साजरी झाली. दुसरीकडे त्यांच्याच राज्यातील एका विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा संमत ठराव कागदावरच पडून राहिला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले आणि हा प्रश्न आणखी पुढे ढकलणे अशक्य झाले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, मुख्यमंत्री शरद पवार यांच्या कारकिर्दीत, विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. याला नामांतर न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटले गेले. नामांतर म्हणजे जुने नाव काढून नवे देणे, आणि नामविस्तार म्हणजे जुने नाव ठेवून त्याला नवे जोडणे. या एका शब्दाच्या फरकात साडेपंधरा वर्षांची तडजोड सामावलेली आहे. मराठवाडा हे नाव राहिले, आंबेडकरांचे नाव आले आणि दोन्ही बाजूंना आपले काही तरी टिकले असे म्हणता आले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, विद्यापीठाचे विभाजन होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे त्याच्याकडे गेले. परिणामी, ज्या जिल्ह्यांत १९७८ चा वणवा सर्वांत जास्त भडकला होता, तेथील पदव्यांवर आंबेडकरांचे नाव जेमतेम काही महिनेच टिकले. नव्या विद्यापीठाची शैक्षणिक गरज खरी होती, तरीही इतिहासकाराने ही गोष्ट नोंदवल्यावाचून पुढे जाता कामा नये.

नावे आणि स्मृती

त्यानंतरच्या तीन दशकांत महाराष्ट्रातील विद्यापीठांची नावे बदलण्याची जणू रीतच पडली. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे मिळाले, पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे, आणि सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकर यांचे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावाआधी २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. त्याचा साचा १९९४ च्या नामविस्ताराचाच होता, पण त्यापायी एकही झोपडी जळाली नाही. या नावांपैकी कोणतेही अपात्र नव्हते. मात्र ती सहज स्वीकारली गेली आणि १९७८ चे नाव स्वीकारले गेले नाही, यावरून एवढे नक्की ठरते की प्रादेशिक नाव बदलण्याला समाजाचा तत्त्वतः विरोध कधीच नव्हता.

युरोपातील जुन्या विद्यापीठांनाही आपल्या नावांचा आणि कृत्यांचा हिशेब द्यावा लागला आहे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील ग्रायफ्सवाल्ड विद्यापीठ १४५६ मध्ये स्थापन झाले, पण त्याला राष्ट्रवादी लेखक एर्न्स्ट मोरिट्झ आर्न्ट याचे नाव मिळाले ते १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यानंतर. आर्न्टच्या लिखाणातील ज्यूद्वेषामुळे त्या नावावर दीर्घ वाद झाला आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने ते सोडून दिले. बॉन विद्यापीठात १९२१ मध्ये स्वतः आंबेडकरांनी काही काळासाठी नाव नोंदवले होते. त्याच विद्यापीठाने १९३६ मध्ये कादंबरीकार थॉमस मान यांची मानद डॉक्टरेट काढून घेतली, आणि त्याच विद्यापीठात अनेक वर्षे शिकवलेले ज्यू गणितज्ञ फेलिक्स हाउसडोर्फ यांना १९४२ मध्ये छळछावणीत होणारी रवानगी टाळण्यासाठी आत्महत्या करावी लागली. युद्धानंतर मान यांची पदवी परत देण्यात आली आणि हाउसडोर्फ यांच्या नावाने बॉनमध्ये आज गणिताचे संशोधनकेंद्र चालते. जर्मन विद्यापीठांनी हे सर्व एका दिवसात कबूल केले नाही. तेथेही मौन, टाळाटाळ आणि वाद यांत दशके गेली. तरीही तेथील अपराध मुख्यतः विद्यापीठाचा होता आणि कबुलीही विद्यापीठाला द्यायची होती. मराठवाड्यात विद्यापीठाने स्वतः अनुकूल ठराव केला होता. अपराध समाजाचा होता आणि माघार राज्याची होती, म्हणून येथे कबुली कोणी द्यायची हा प्रश्न अधिक अवघड आहे.

त्याचे उत्तर काही प्रमाणात दरवर्षी १४ जानेवारीला मिळते. नामविस्तार दिनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून हजारो माणसे विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी येतात, त्या कमानीपुढे हात जोडतात, पुस्तके विकत घेतात आणि परत जातात. त्यांतील कित्येकांचे या विद्यापीठाशी पदवीचे नाते नसते. ज्या दाराच्या आत जाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला ते दार बघायला ती येतात. ही स्मृती लोकांनी जपली आहे. आता ती अभ्यासक्रमात, गावोगावच्या इतिहासात आणि विशेषतः ज्यांनी विरोध केला त्यांच्या वारसांच्या आठवणीत यायला हवी, कारण केवळ सोसणाऱ्यांनीच जपलेली स्मृती अर्धीच राहते. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि विदर्भातून तिकडे जाणारा जुना रस्ता आजही राहेरीला खडकपूर्णेच्या पुलावरूनच जातो.